रोट संपले पाहिजेत

आठवीच्या वर्गात आरोग्य आणि रोग हा धडा आला की मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे संसर्गजन्य, उजवीकडे असंसर्गजन्य. डावीकडे क्षय, कावीळ, अतिसार, डेंग्यू. उजवीकडे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कॅन्सर. डावीकडचे पसरतात, उजवीकडचे पसरत नाहीत, एवढं सांगायचं आणि खडू ठेवायचा. जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, पण ह्या रेघेबद्दल मला कधी शंका आली नव्हती. गेल्या श्रावणापासून मात्र ती मारताना हात जड होतो. माझ्या धाकट्या दिराचा पाय उजवीकडच्या रोगाने गेला, आणि तो रोग त्याच्या ताटात वाढायला मी स्वतः उभी होते.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर धुळ्याचं. तिथे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून दारोदारी पिंपं भरून ठेवलेली, आणि त्यांत वळवळणाऱ्या अळ्या बघत आम्ही पोरं उभी राहायचो. शेजारच्या घरातली एक पोर तापाने गेली तेव्हा त्या अळ्यांचा आणि तापाचा संबंध मला कळला. तेव्हापासून उघडं पाणी दिसलं की माझं डोकं फिरतं. जळगावात आमच्या गल्लीत कुणाच्या कूलरमध्ये उन्हाळ्याचं पाणी पावसाळ्यापर्यंत तसंच राहिलं, तर मी विचारत बसत नाही, सरळ ओतून देते. वर्गात कुणी तोंडावर हात न धरता खोकलं तर त्याची खैर नसते. रोगाच्या बाबतीत बाई कुणाची भीड ठेवत नाहीत, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर ते ऐकायला मला बरं वाटायचं.

लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेत होता. पुढे कॉलेजला तो आमच्याकडेच राहिला. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला अहो-जाहो करतो. त्याच्या डब्यात काय द्यायचं, त्याला ताप आला की रात्रीचा दवाखाना कुठला, मित्र कसले आहेत, हे सगळं मी पाहिलं. शिकून झाल्यावर तो चोपड्याजवळच्या आमच्या गावी केळीच्या बागेत रमला. बाग चांगली, बायको समजूतदार, एक गुटगुटीत मुलगी. चाळिशी यायच्या आत त्याला साखर निघाली. कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. सासऱ्यांना होती, आमच्या ह्यांना आहे. आमच्या घरात साखर आडनावासारखी आहे, जन्मला की लागायची.

ह्यांना मी वर्षभर ज्वारीची भाकरी आणि पालेभाजीवर ठेवते. चहात साखर नाही, लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाच्या टेबलाकडे फिरकायचं नाही. ते कुरकुरतात, मी ऐकत नाही. म्हणजे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मला सगळं कळत होतं.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई येते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. त्याच्या आदल्या दिवशी रोट असतात. रोट म्हणजे त्या कुळाचा प्रसाद. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी भरून गहू मापायचे, पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा. ते दळायचे आणि त्याच्या पुरणपोळ्या करायच्या, सोबत खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे अन्न फक्त कुळातल्या माणसांनी खायचं. लग्न करून दिलेल्या मुलीलाही ते चालत नाही. ताटात टाकायचं नाही, बाहेर कुणाला द्यायचं नाही, आणि उरलेलं पीठ पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचं. गहू मापते घरची मोठी सून. सासूबाई गेल्यापासून ती मी.

आता गंमत अशी की पूर्वी सगळी भाऊबंदकी गावातच असायची. मापलेले गहू एका जेवणात फस्त व्हायचे. आता निम्मी पोरं सुरतला, पुण्याला, नाशिकला. ती येत नाहीत, पण त्यांच्या मुठी मापाव्या लागतात, कारण जिवंत माणसाची मूठ घातली नाही तर ते त्याला मेल्यात धरल्यासारखं होतं. आमच्याकडे फक्त गेलेल्या माणसाची मूठ थांबते. त्यामुळे खाणारी तोंडं कमी होत गेली आणि पीठ तेवढंच राहिलं. जे गावात राहिले त्यांनी जे बाहेरगावी गेले त्यांच्या वाटणीचं खायचं, असा हा हिशेब झाला. तो कुणी ठरवला नाही. आपोआप झाला.

कोरोनाच्या काळात एकत्र पंगतीचा नियम मी मोडला होता. दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिले, म्हटलं, पंगत बसणार नाही. ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या घरच्यांपुरतं मापा आणि खा. चुलत सासू, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, त्या खूप संतापल्या. पण माझ्या तोंडाला कोण लागणार? सगळ्यांनी ऐकलं. कानबाई आली तशी गेली, कुणावर कोप झाला नाही. त्या वेळी आमच्या कुळात कुणी दगावलं नाही, त्याचं श्रेय अजून मला देतात. मग साखरेसाठी मी चौकटीत का उभी राहिले नाही, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. एकच उत्तर मिळतं. कोरोना दुसऱ्याकडून येणार होता. साखर आमची घरचीच होती.

गेल्या श्रावणात मी नेहमीसारखी गावी गेले. पंगत बसली. दिराने दुसऱ्या पोळीलाच ताटावर हात धरला. म्हणाला, "वहिनी, बस. साखर वाढेल आहे, डॉक्टर रागे भरतात."

मी म्हटलं, "गोळी घेतलीस ना? मग एका दिवसाने काय होतं?"

"खरंच नको."

"तुला माझी शपथ आहे."

त्याने हात काढला. अक्का हसून म्हणाल्या, "हिले नही म्हनाले हिंमत लागस." सगळे हसले, मीही हसले. मला त्या क्षणी फार छान वाटलं होतं. आपल्या शब्दाला वजन आहे, आपण वाढलं तर माणूस नाही म्हणत नाही, याचा अभिमान वाटला होता. विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि इन्सुलिन म्हणजे काय ते मुलांना चित्र काढून सांगणारी.

सोमवारी कानबाई नदीवर निघाली. तिला डोक्यावर घ्यायचा मान दिराचा. तो चपला घालूनच अंगणात आला, कारण डॉक्टरांनी त्याला घरातसुद्धा अनवाणी चालू नको म्हणून बजावलं होतं. मला ते माहीत होतं. तरी मी म्हटलं, "अरे, चपला? देवी डोक्यावर घ्यायची आहे ना?" तो खजील झाला, मुकाट्याने चपला काढून ओट्याखाली सरकवल्या. नदीचा रस्ता बाभळींमधून जातो.

परत आल्यावर ओसरीच्या फरशीवर मला लाल ठिपके दिसले. दारापासून आतपर्यंत, एका रांगेत. त्या दिवशी सगळीकडे कुंकू सांडलेलं असतं, कपड्यांवर, कपाळांवर, उंबऱ्यावर. मी म्हटलं, ह्या पोरींना काही शिस्त नाही, आणि ओलं फडकं घेऊन पुसून टाकलं. फडकं पिळताना पाणी लाल झालं, तेव्हाही मला काही वाटलं नाही. ते रक्त होतं. त्याच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, आणि त्याला ते समजलंच नव्हतं. त्याच्या तळव्यांना काही समजत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मी जळगावला परत आले. निघताना जावेला बजावलं, पौर्णिमेच्या आत पीठ संपलं पाहिजे. नुसतं बजावून थांबले नाही, रोज शाळेतून आल्यावर फोन करायची. संपलं का? किती राहिलं? ती बिचारी म्हणायची, "ताई, खाणारे आम्ही तिघंच आहोत." मी म्हणायची, मग सकाळी पण करत जा. त्या दिवसांत मी एकदाही विचारलं नाही की त्याची साखर कशी आहे. पिठाची चौकशी करत राहिले.

पौर्णिमेला राखीच्या दिवशी जावेचा फोन आला. पीठ संपलं होतं. आणि त्याला थंडी वाजून ताप आला होता, पायाला वास येत होता.

जळगावच्या दवाखान्यात आधी बोटं काढली. मग पाऊल. मग गुडघ्याच्या खाली. प्रत्येक वेळी डॉक्टर बाहेर येऊन सही मागायचे, आणि आमचे हे सही करायचे. मी कोपऱ्यात उभी. नातेवाईक भेटायला यायचे, हातात बिस्किटांचे पुडे आणि केळी. ज्याच्या बागेतून केळी ट्रक भरून बाहेर जातात त्याला लोक केळी आणून देत होते. एरवी मी त्यावर काहीतरी तिखट बोलले असते. तेव्हा मी ती घेतली आणि उशाशी ठेवली.

डॉक्टरांनी एकदा त्याचा दुसरा पाय तपासला. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवायचे आणि विचारायचे, कळतंय का? तो डोळे मिटून म्हणायचा, हो. परत टेकवायचे, हो. मग डॉक्टरांनी दोरा टेकवलाच नाही, आणि विचारलं, कळतंय का? तो म्हणाला, हो. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "हे सगळ्यांना हो म्हणतात का?" माझ्याच हाताखाली तो वाढला होता. दुसराही पाय सुन्न झालाय, साखर आवरली नाही तर तोही जाईल, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना स्पष्ट सांगितलं.

घरी न्यायच्या आधी मी त्याच्याशी बोलले. शपथेचं बोलले, चपलांचं बोलले, पुसून टाकलेल्या रक्ताचंही बोलले. माझं रडू आवरेना. तो मलाच समजावायला लागला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही वाढलं, खाल्लं तर मीच ना. माले माहीत व्हतं बठ्ठं." मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी आम्ही दोघांनी ते केलं. अज्ञानाने झालं असतं तर मी त्यावर एखादा तास घेतला असता.

त्यानंतर मी वर्गात रेघ मारते खरी, पण पूर्वीसारखं खणखणीत बोलवत नाही. एका मुलीने विचारलं, "बाई, आमच्या घरी आजोबा, पप्पा, काका सगळ्यांना शुगर आहे. ती पसरत नाही, मग सगळ्यांना कशी झाली?" आनुवंशिकता, मी म्हटलं. आहारविहार, व्यायामाचा अभाव, ताणतणाव. पुस्तकात जे आहे ते सगळं सांगितलं. पुस्तकात शपथेचा उल्लेख नाही.

यंदाचा श्रावण जवळ आला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. मनाशी ठरवलं, काही झालं तरी हा दुसरा पाय जाऊ द्यायचा नाही. दिराला फोन केला. म्हटलं, यंदा तुझ्या नावाची मूठ मी घालत नाही, म्हणजे तुझ्या वाटणीचे रोटच होणार नाहीत, प्रश्न मिटला. मला वाटलं तो सुटकेचा श्वास टाकेल. तो हळूच म्हणाला, "मी मरी गऊ का वहिनी?"

मूठ घालायचं कबूल केलं.

मग दुसरी युक्ती काढली. गहू मुठीनेच मापायचे ना? मूठ कुणाची हे कुठे ठरलंय? एखाद्या लहान पोरीच्या मुठीने मापू, आपोआप निम्मं होईल. अक्कांना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कानबाईले फसावस का वं तू?" आमचे हेसुद्धा म्हणाले, जाऊ दे, नको वाद घालूस, म्हातारी माणसं आहेत. कोरोनात चौकटीत आडवी झालेली बाई मीच का, असा मला प्रश्न पडला. तेव्हा माझ्या पाठीशी सगळ्या जगाची भीती होती. आता माझ्या पाठीशी फक्त माझी लाज होती, आणि लाजेला कोण विचारतं?

मी गहू मापले. सुरतवाल्यांच्या मुठी, पुणेवाल्यांच्या मुठी, दिराची मूठ. तीही भरून घातली.

पंगत बसली. दिराला खाली बसता येत नाही म्हणून त्याच्यासाठी खुर्ची आणि स्टूल मांडलं होतं. नकली पाय पायजम्यात होता, शेजारी कुबडी. त्याची मुलगी त्याच्याजवळ खाली बसली होती. बारा वर्षांची आहे, अंगाने बापावर गेलेली, शाळेत तिला पोरं चिडवतात म्हणून जाऊ रडत सांगत असते. मी दिराच्या ताटात भाकरी वाढली, गंगाफळाची भाजी वाढली, आणि अंगठ्याएवढा पोळीचा तुकडा, प्रसाद म्हणून. मग पुढे सरकले.

अक्कांनी ताट पाहिलं. "पाय गया ते गया, आते ताटबी लई लिधं का त्यानं?"

ताटही मी हिरावून घेतलं, असा तो टोमणा होता. दीरच म्हणाला, "नही अक्का, वहिनीनी बराबर करं." आणि तो भाकरी मोडून खायला लागला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. वर्षभराचं ओझं कुणी खाली उतरवून घ्यावं तसं. वाटलं, जमलं. नाही म्हणता येतं. त्यालाही येतं आणि मलाही येतं.

अक्का म्हणाल्या, बरं, पण मग त्याच्या वाटणीचे रोट कोण खाणार? ते तर संपले पाहिजेत.

दिराने इकडेतिकडे पाहिलं. मग टोपलीतून पोळी उचलली, आणि खाली वाकून मुलीच्या ताटात ठेवली. तिच्या ताटात आधीच्या पोळीचा तुकडा उरलेला होता. ती म्हणाली, पप्पा, माझं पोट भरलं. तो तिच्या केसांवरून हात फिरवत, अगदी लाडाने म्हणाला, "मना वाटाना रोट तू खाय, बेटा. तुले मनी आन शे."

आन म्हणजे शपथ.

मी म्हटलं, "नको. तिला नको."

अक्कांनी विचारलं, "तिले काय साखर शे का?"

सगळे हसले. दीरही हसला. माझ्याकडे बघून हसला, किती समाधानाने, कारण त्याने माझंही ऐकलं होतं आणि रोटही वाया जाऊ दिले नव्हते. वर्षभरात त्याचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. आता मी तोंड उघडलं तर ते हसू मावळणार होतं. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलत नाही असं पाहिलं, आणि पोळीचा घास मोडला.

"कोरडी कशी खाईल ती?" दीर म्हणाला. "वहिनी, तिला तूप वाढा."

मी वाढलं.